गडग्यावरच्या आंब्यातली ककणेर

आवाज झाला तेव्हा मी मागच्या दारी बांगडे साफ करत होते. सुतळी बॉम्ब फुटावा तसा एकच आवाज, आणि पुढच्या खोलीतला यांचा टीव्ही बंद पडला. आमच्या वाटेच्या कोपऱ्यावर विजेचा डीपी आहे. तिथे अधूनमधून काहीतरी होतच असतं, कधी माडाचं झावळ पडतं, कधी कावळा चिकटतो. मी हात धुऊन पुढे गेले तोवर वाडीतली दोन-तीन माणसं तिथे जमली होती.

खाली रस्त्यावर कावळा नव्हता. एक मोठा काळापांढरा पक्षी उताणा पडला होता. लांब पिवळी चोच उघडी होती आणि तिच्यातून उंबरं बाहेर सांडली होती. पिकलेली, लालसर उंबरं. गळ्यात अजून भरलेली असावीत, कारण कुणीतरी काठीने पक्ष्याला बाजूला सारलं तशी आणखी काही घरंगळली.

"ककणेर ती," एकजण म्हणाला. "बाजूक करा, गाडी येतली."

तो कुठे निघाला होता आणि ती उंबरं कुणासाठी होती, हे मला माहीत होतं.

थंडी संपता संपता मी त्या जोडीकडे बघायला लागले होते. पुस्तकात या पक्ष्याला कवड्या धनेश म्हणतात, आमच्याकडे ककणेर. मालवण आता पूर्वीचं राहिलं नाही, पर्यटकांसाठी जागोजाग खोल्या उठल्या आहेत, तरी घरांच्या मागे परडी आहेत, परड्यांत जुनी झाडं आहेत. आमच्या परड्याच्या कडेलाही एक रायवळ आंबा आहे. त्याची एक जाड फांदी वादळात मोडली, तिथलं लाकूड कुजून ढोली झाली. एका सकाळी मादी त्या ढोलीत शिरली ती बाहेर आलीच नाही. दोघांनी मिळून ढोलीचं तोंड लिंपून टाकलं, चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवली. आत बसल्यावर मादी पंखांची मोठी पिसं झाडून टाकते, म्हणजे तिला मनात आलं तरी उडता येत नाही. तिचं आणि पिल्लांचं पोट त्या एका नरावर.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती ढोली तिरकी दिसते. सकाळी भाकऱ्या थापताना नर यायचा. तो दिसायच्या आधी त्याच्या पंखांचा आवाज यायचा, कुणी सुपाने जोरजोरात वारा घालावा तसा. फांदीवर बसून आधी चारी बाजूंना बघायचा, मग मान खाली-वर करून गळ्यातून एक एक फळ काढून फटीत द्यायचा. कधी सरडा असायचा. अलीकडे आतून पिल्लांची किरकिर ऐकू येऊ लागली होती आणि त्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या. मी एकटी त्याच्याकडे बघते आहे, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मी बांगडे तसेच ठेवून खिडकीशी उभी राहिले. दुपारपर्यंत फट रिकामी होती. मग चोच बाहेर आली. जरा वेळ थांबली आणि आत गेली. पुन्हा आली. उन्हं उतरली तरी ती चोच आत-बाहेर होत होती, आणि पिल्लांची किरकिर मला चुलीपाशीही ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वनखात्याच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचे गृहस्थ नीट बोलले. म्हणाले, "आमची माणसं वणव्याच्या कामावर आहेत, जमेल तेवढ्या लवकर पाठवतो. तोपर्यंत ढोली फोडू नका. ती आत्ता बाहेर आली तर उडू शकणार नाही, कुत्री-मांजरं सोडणार नाहीत. लांबून काही खाऊ घालता आलं तर बघा. फळ फटीशी धरायचं, बाकी हात लावायचा नाही."

लांबून कसं घालणार? ढोलीचं तोंड आमच्या बाजूला नव्हतंच. ते दोन परड्यांमधल्या दगडी गडग्यापलीकडे, यांच्या चुलतभावाच्या घराकडे होतं. आमच्या बाजूने शिडी लावली तर हात खोडाला लागायचा, ढोलीला नाही. त्यांच्या घराच्या स्लॅबवरून मात्र लांब काठी समोरासमोर पोचली असती. आणि त्या घरात आमच्यापैकी कुणी कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता.

भांडण त्या आंब्याचंच होतं. आंबा चिऱ्यांच्या गडग्यात उभा आहे. गडगा कुणी सरकवला, झाड कुणाच्या हद्दीत, यावरून दोघा भावांची आधी बोलाचाली बंद झाली, मग कोर्ट झालं. मोजणी झाली, तिच्यावर हरकत झाली. त्यांनी वरचा मजला बांधायला काढला तेव्हा आम्ही कोर्टातून स्थगिती आणली. त्यामुळे त्यांचा स्लॅब टाकून झाला होता तो तसाच राहिला, कठडासुद्धा बांधता आला नाही. पुरुषांचं बोलणं थांबलं तसं आम्हा जावांचंही थांबलं. आधी आम्ही दोघी एकत्र पापड लाटायचो, बाजाराला जोडीने जायचो. नंतर वाटेत समोरासमोर आलो तर एक जण थांबून पिशवी नीट करायची, दुसरी पुढे जायची.

मी यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते.

"तू थंय जावचा नाय," हे म्हणाले.

"ती उपाशी मरतली."

"वकिलान काय सांगल्यान ता आठावता मा? तेंच्या बाजूसून झाडाकडे गेला म्हणजे झाड तेंचा असा आपणच कबूल केला."

"फळ देवक जातंय मी. झाड मागूक नाय."

यांनी पेपर घडी करून ठेवला. आवाज चढवला नाही, हे कधीच चढवत नाहीत. "जा," म्हणाले. "मगे माका विचारू नको."

मी पुढच्या दाराने निघाले. गडग्यावरून गेले असते तर चार पावलांत पोचले असते, पण मी मुद्दाम रस्त्याने वळसा घालून गेले. देवळामागच्या उंबराखाली पडलेली फळं पदरात घेतली. हातात आमची आंबे काढायची काठी होती, तिची जाळी सोडून टाकून मी टोक कोयतीने चिरलं होतं, फळ चिमटीत धरावं तसं त्यात अडकत होतं. त्यांच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, पाऊल टाकलं तसा त्यांचा तपकिरी कुत्रा भुंकत अंगावर आला. मी काठी आडवी धरून उभी राहिले.

जाऊ बाहेर आली. केस पिकले होते तिचे. लांबून ते दिसलं नव्हतं. तिने कुत्र्याला हाकललं आणि माझ्या पदराकडे बघितलं.

"तो खंय गेलो गो?" तिने विचारलं.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती नराबद्दल विचारत होती.

"काल डीपीर चिकटलो," मी म्हटलं.

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "कालधरना बगतंय मी. चोच भायर काढून बसलीसा. रोज सोलां वाळत घालूक वर जातंय तेवा तो येयत. माका भियाक पण नाय. तरी माका वाटला, आज मी वर गेलंय म्हणून येयत नसात."

पडवीत भावोजी बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. "कोणी पाठवल्यान तिका?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कोणी नाय पाठवल्यान," मीच उत्तर दिलं. "तेंका आवडाक नाय मी इलंय ता."

"असा तो दाखवता. उद्या कोर्टात सांगतले, झाड आमचा, तेच्यावरच्या पाखरांका आमीच खावक घालीत होतो."

अंगणातून मी परतच फिरणार होते. जाऊ म्हणाली, "तुमी वायच गप रवा. चल गो वर." आणि ती जिन्याकडे निघाली. आम्ही वर गेल्यावर खालून भावोजींच्या खाकरण्याचा आवाज येत राहिला.

स्लॅबवर रतांब्यांची सोलं वाळत होती. आंब्याच्या बाजूची कड उघडी होती, लोखंडाच्या सळ्या तशाच वर आलेल्या, गंजलेल्या. खाली फरशी, आणि पलीकडे आमचा गडगा. ढोली समोरच होती, पण वाटलं होतं त्याहून लांब. मी कडेशी जाऊन काठी पुढे केली तर टोक फटीपासून वीतभर अलीकडे राहिलं.

"अजून पुढे जावक व्हया," मी म्हटलं.

"पडतलंस."

"धर माका."

तिने एका हाताने सळी धरली आणि दुसऱ्या हाताने माझ्या कमरेला धरलं. मी चवड्यांवर पुढे वाकले. टोक फटीशी पोचलं. आतली किरकिर एकदम थांबली.

मग चोचीचा फटका बसला. काठी माझ्या हातातून निसटता निसटता राहिली, उंबर उडून खाली गेलं. दुसरं लावलं, तेही तिने उडवलं. तिसऱ्याला चोच बाहेरच आली नाही. हळूहळू कावळे जमले. आधी माडावर एक, मग आंब्यावर तीन-चार. पडलेल्या उंबरांवरून त्यांचं ओरडणं सुरू झालं. मला त्यांचीच भीती होती. फटीशी खाणं आहे हे त्यांच्या लक्षात आलं असतं तर ते तिथेच बसले असते.

ऊन तापलं. स्लॅब पायांना चटके देऊ लागला. मी दमल्यावर जाऊने काठी घेतली आणि मी तिला धरलं. तिचं वजन मला पेलेना. तिचा एक पाय सोलांवरून घसरला, आणि आम्ही दोघी मागे कोसळलो. कडेच्या आत पडलो म्हणून निभावलं. खालून भावोजींनी हाक मारली, "काय झाला?" ती म्हणाली, "काय नाय." तिच्या कोपराला खरचटून रक्त आलं होतं.

"तो कसो देयत, आठव," ती कोपर पुसत म्हणाली. "तो घुसवीत नाय. धरून रवता. ती घेयसर धरून रवता."

मी तेच पुन्हा पुन्हा बघितलं होतं आणि तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी फळ आत ढकलत होते. पुढच्या वेळी मी काठी फटीच्या जरा बाहेर धरली आणि धरूनच ठेवली. दंड भरून आले. काठीचं टोक थरथरायला लागलं. जाऊने मला मागून घट्ट धरलं होतं, तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता.

चोच बाहेर आली. उंबराला नुसती लागली आणि थांबली. मग टोकाने ते अलगद उचललं, आत गेली, आणि आत एकदम कल्ला उठला.

"घेतल्यान," जाऊ कुजबुजली.

त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ जाऊ लागले. उंबरं, पपईच्या फोडी, केळं. नर सरडे आणायचा, ते आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. जाऊ परड्यातल्या गवतात नाकतोडे पकडायची, आणि मादी ते फळापेक्षा आधी घ्यायची. वनखात्याचा एक माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "चाललंय ते चालू द्या. तिची पिसं उगवायला अजून वेळ लागेल. तोवर ती आतच राहिली तर बरं."

घरात हे माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. जेवायला वाढलं की जेवत, उठून जात. एकदा वकिलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. यांनी फोनवर काय सांगितलं ते मला कळलं नाही, कारण हे फोन घेऊन पुढच्या दाराबाहेर गेले. मी रस्त्याने वळसा घालून त्या घरी जायची आणि वळसा घालूनच परत यायची. वाडीतल्या बायका थांबून बघायच्या. एकदा भावोजींनी मोबाइलवर माझा फोटो काढला. स्लॅबच्या कडेशी काठी धरलेली मी. कशाला काढला ते सांगितलं नाही. कोर्टात दाखवायलाच असणार असं वाटलं, पण घरी येऊन मी यांना सांगितलं नाही.

मे महिना अर्धा सरला तशी आतली किरकिर बदलली. आधी दोन आवाज असायचे, एक जाड, एक बारीक. बारीक आवाज ऐकू येईनासा झाला. मग फटीच्या कडेने लाल मुंग्यांची रांग वर चढताना दिसली. एका सकाळी मादीने फळ घेतलं नाही. संध्याकाळीही घेतलं नाही. आत नुसती खडबड चालली होती. ढोलीच्या लिंपणावर आतून चोच बसत होती, टक टक टक, थांबून थांबून, आणि मातीचे तुकडे खाली पडत होते.

"ती भायर येता," जाऊ म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. माझ्याही मनात नव्हता. वनखात्याच्या माणसाला फोन लावला, लागला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी मी त्यांच्या स्लॅबवर होते. हे आमच्या परड्यात माडांना पाणी लावत होते. लिंपणाचा मोठा तुकडा सुटून पडला आणि भोकातून आधी चोच, मग मान, मग सगळं अंग बाहेर आलं. कळकटलेली, शेपटी मोडकी, डोळ्यांभोवतीची गुलाबी कातडी सुजलेली. ती भोकाच्या कडेवर जरा वेळ बसली. मग तिने पंख पसरले. पंख तोकडे होते. ती उडाली नाही, गडग्यावर आदळली आणि तिथून आमच्या परड्यात पडली.

त्यांचा कुत्रा खालून सुटला. गडग्यावर चढला आणि पलीकडे उडी मारली.

मी वरून काठी फेकली, ती कुठेतरी माडात गेली. जाऊने कुत्र्याला हाका मारल्या. मला फक्त यांची पाठ दिसत होती. यांनी पाण्याचा पाइप टाकला, खांद्यावरचा पंचा ओढला आणि पक्षी आणि कुत्रा यांच्या मधे जाऊन उभे राहिले. कुत्रा गुरगुरत बाजूने वळला. हेही वळले. पक्षी यांच्या पायांशी होता, चोच उघडून फिसकारत होता, आणि कुत्र्याशी झटापट करता करता यांचा पाय त्याच्यावर पडेल असं मला वाटत होतं.

"दादा," हे ओरडले. "कुत्रो धर तुझो."

एवढ्या वर्षांत यांच्या तोंडून ती हाक मी ऐकली नव्हती.

भावोजी पडवीतून उठले. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढतानाही ते थांबून थांबून चढतात. ते गडग्याकडे धावले, दोन्ही हात चिऱ्यांवर टेकून वर चढले आणि पलीकडे जवळजवळ पडलेच. उठून त्यांनी कुत्र्याची मान पकडली. कुत्रा ओढत होता, ते मातीत बसून त्याला धरून होते. यांनी पक्ष्यावर पंचा टाकला आणि दोन्ही हातांनी उचलला. पंच्यातून चोच बाहेर आली आणि यांच्या अंगठ्याच्या मुळाशी बसली. रक्त आलं. यांनी पक्षी सोडला नाही.

मी आणि जाऊ जिना उतरून गेलो तोवर दोघं भाऊ तिथेच होते. एक पक्षी धरून, एक कुत्रा धरून.

"आता काय करूचा?" यांनी मला विचारलं. कित्येक आठवड्यांनंतरचा तो यांचा पहिला प्रश्न.

"झाडार ठेवया. जमिनीर नको."

"शिडी हाड रे," हे भावोजींना म्हणाले. मग थांबून, "हाड दादा."

भावोजींनी कुत्र्याला बांधून शिडी आणली. त्यांच्या बाजूची शिडी आमच्या बाजूने आंब्याला लावली. बांबूच्या हाऱ्यात पक्षी ठेवला, वर पंचा. भावोजींनी शिडी खालून धरली आणि हे चढले. पहिल्या फांद्यांच्या बेचक्यात हारा टेकवून यांनी पंचा काढून घेतला. पक्षी हाऱ्याच्या काठावर चढला, फांदीवर उडी मारली, आणि फांदीवरून फांदीवर उड्या मारत ढोलीच्या वर जाऊन बसला. हे खाली उतरले तेव्हा हात रक्ताने माखला होता. जाऊ हळद घेऊन आली.

ढोलीचं तोंड आता उघडं होतं आणि पिल्लू आत होतं. ते दिवस मला आधीच्यापेक्षा वाईट गेले. मादी फांदीवर बसून असायची, तिला लांब उडता येत नव्हतं, आणि कावळ्यांना ते कळलं होतं. ते चार बाजूंनी यायचे. ती चोच उगारायची, एकाला हाकललं की दुसरा भोकाशी. दुसऱ्याच दिवशी एका कावळ्याने आतून काहीतरी ओढून काढलं आणि घेऊन गेला. लहान होतं, काळं पडलेलं. जाऊने माझा हात धरला. आत किरकिर सुरू झाली तेव्हाच तिने तो सोडला.

आम्ही पाळ्या लावल्या. स्लॅबवर छत्री धरून सकाळी मी बसायची, दुपारी जाऊ, उन्हं कलल्यावर भावोजी खुर्ची घेऊन बसायचे. गुडघ्यांमुळे त्यांना एकदा वर आलं की उतरायला नको वाटायचं. हे वर आले नाहीत. खालूनच परड्यात उभे राहून डबा वाजवायचे. मादीला फांदीवर फळ मिळायचं, पिल्लाला काठीने भोकात. पिल्लाची चोच आखूड आणि फिकट होती, आणि घेण्यापेक्षा सांडण्यातच त्याला जास्त मजा वाटत असावी.

एका सकाळी मादी शेजारच्या फणसावर गेली, परत आली. दुसऱ्या दिवशी माडांवरून पार रस्त्यापलीकडे गेली. आम्ही वाट बघत राहिलो. दुपारचं जेवण झालं, ती आली नाही. जाऊ आणि मी एकमेकींकडे बघत नव्हतो, कारण दोघींच्याही मनात डीपी होता. पिल्लू ओरडून ओरडून गप्प झालं. मी उठून कोपऱ्यावर जाऊन बघून आले. रस्ता मोकळा होता. परत जिना चढले तर वर पंखांचा आवाज येत होता, सुपाने वारा घालावा तसा, आणि ती भोकाशी बसून मान खाली-वर करत होती. तिने एक उंबर काढून पिल्लाला दिलं. मग दुसरं. स्वतः आणलेलं.

जाऊ रडत होती. मी तिच्याजवळ बसले.

पाऊस जवळ आला. समुद्रावरून वारा सुटला, माड वाकायला लागले, आणि ढोलीच्या वरची सुकी फांदी करकरायची. तीच पडली तर, या विचाराने मी खिडकीतून हलत नव्हते. पिल्लू भोकाच्या काठावर येऊन बसू लागलं होतं. पंख पसरायचं, वारा आला की मिटून आत जायचं. मादी समोरच्या फांदीवर फळ घेऊन बसायची आणि द्यायची नाही. पिल्लू ओरडायचं. ती तरी द्यायची नाही.

ढग भरून आलेल्या एका सकाळी ते निघालं. आम्ही दोघी स्लॅबवर होतो. आधी ते खाली गेलं, गडग्याच्या जवळ, इतकं खाली की जाऊने डोळे मिटले. मग वर उचललं गेलं, भेलकांडत आमच्या कौलांवर उतरलं आणि तिथे घसरत घसरत कोन्यावर जाऊन बसलं. हे परड्यातून वर बघत होते, हलले नाहीत. मादी आली, त्याच्या बाजूला बसली, एक फळ दिलं. मग ती उडाली, आणि त्याच्या मनाची तयारी व्हायला बराच वेळ लागला, पण तेही तिच्या मागे गेलं. फणसावर, तिथून माडांवर, तिथून पलीकडच्या वाडीकडे. नंतर दिसेनासं झालं.

"गेली," जाऊ म्हणाली. आणि लगेच, "सोलां काढूक व्हयी. पाऊस येतलो." आम्ही दोघींनी मिळून सोलं भरली.

खटला अजून चालू आहे. हे म्हणतात झाड आमचं, भावोजी म्हणतात त्यांचं, आणि दोघेही तारखेला जातात, वेगवेगळ्या गाड्यांनी. पण कठड्यावरची हरकत यांनी काढून घेतली. मला सांगितलं नाही, एक दिवस पलीकडे गवंडी काम करताना दिसला तेव्हा कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "बायलमाणसा वर जातत, पडतली." आता मी जाऊकडे जाते ती गडग्यावरून जाते. तिथला एक चिरा कुणीतरी पायरीसारखा आडवा टाकला आहे. दोघांपैकी कुणी टाकला ते मी विचारलेलं नाही.